पाचव्या खान्यातले कार्ड

मित्रांनो, मी एक जुने कार्ड आहे. पत्त्यांतले नव्हे, अभ्यासाचे. जर्मनीतल्या वाल्डॉर्फ गावी, एका मराठी घरातल्या लाकडी खोक्यात माझा मुक्काम असतो.

मला पुष्करने घडवले. त्याची बायको कादंबरी मेकॅनिकल इंजिनिअर. नवऱ्याच्या नोकरीपायी ती इकडे आली आणि घरी बसली. शेवटी इटलीतल्या एका पंपांच्या कारखान्याने तिला विचारले. अट एकच, मुलाखत इटालियनमधून. "तू पुस्तकातून पाठ कर. कार्डं मी लिहितो आणि रोज तुझा अभ्यास घेतो," पुष्कर म्हणाला. गावातल्या मराठी बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचे उदाहरण देत.

माझ्या पुढच्या अंगावर त्याने 'प्रेन्देरे' हे क्रियापद लिहिले आणि पाठीवर त्याचे अर्थ. हे क्रियापद इटलीत घरोघरी राबते. घेणे हा त्याचा साधा अर्थ. पण कॉफी प्यायची तरी प्रेन्देरे, आगगाडी पकडायची तरी प्रेन्देरे, सर्दी झाली तरी तेच! जोडीला आणखी शब्द आले की राग मानणे आणि कोणाची चेष्टा करणे हेही त्याच्याच गळ्यात. माझी पाठ भरून गेली होती आणि मला त्याचा फार गर्व होता.

आमच्या खोक्याला पाच खाने. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या खान्यात, चुकले की पुन्हा पहिल्यात. जर्मन लोकांची ही जुनी पद्धत. पहिल्या खान्यातल्या ढ कार्डांना मी मनसोक्त हसत असे.

जेवणे झाली की पुष्कर मला उचलायचा.

"प्रेन्देरे?"

"घेणे. कॉफी घेणे."

"आणि आगगाडी?"

"आगगाडी... थांबवणे?"

"गेनाऊ! शाब्बास!"

गेनाऊ म्हणजे जर्मनमध्ये 'अगदी बरोबर'. पाठीवरचे 'पकडणे' त्याला स्वच्छ दिसत होते. तरी त्याने मला पुढे सरकवले. सर्दीला ती 'थंड खाणे' म्हणाली, तरी शाब्बास. राग मानणे तिला आठवलेच नाही, तरी मी पाचव्या खान्यात! मला काय, मी खूश. बायको इटलीला गेली तर पोळ्या कोण करणार, असे तो मित्राला फोनवर म्हणाला होता. तिला तोंडावर 'जाऊ नको' म्हणण्याचा वाईटपणा मात्र त्याला नको होता.

मुलाखत लॅपटॉपवर, आमच्याच टेबलाशी झाली. समोरच्या बाईंनी साधेच प्रश्न विचारले. कादंबरी हसतमुखाने, अगदी खात्रीने, चुकीचे बोलत राहिली. शेवटी बाईंनी इंग्रजीत तिचे आभार मानले. नोकरी हातची गेली.

"नशीब गं, दुसरं काय!" पुष्कर तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "तू तर सगळं बरोबर सांगत होतीस."

तो कामावर गेल्यावर तिने मला बाहेर काढले आणि उलटे केले. माझी पाठ वाचली. मग दुसरे कार्ड, मग तिसरे. आता ही रडणार, असे मला वाटले. तिने चहा केला, प्यायली आणि खोके कपाटात ठेवून दिले.

तिथे आम्ही धूळ खात पडलो. किती वाईट दिवस होते ते! मग पुष्करला साहेब होण्याची संधी आली आणि त्यासाठी जर्मनची तोंडी परीक्षा. इतकी वर्षे त्याने इंग्रजीवर भागवले होते. कादंबरीने आपणहून खोके काढले. माझ्यावरच्या प्रेन्देरेवर रेघ मारून तिने 'नेमेन' लिहिले. जर्मन माणसांचे घेणे ते. पाठीवर कागद चिकटवून त्यावर नवे अर्थ लिहिले. चांगले कार्ड वाया घालवणे तिच्या जिवावर येते.

आता जेवणे झाली की ती मला उचलते.

"प्लाट्स नेमेन?"

"जागा अडवणे," पुष्कर म्हणतो.

माझ्या पाठीवर तिच्याच अक्षरात लिहिले आहे, 'बसणे'.

"गेनाऊ! शाब्बास!" ती म्हणते आणि मला पुढच्या खान्यात सरकवते.

"किती छान अभ्यास घेतेस गं तू!"

"तुझ्याकडूनच शिकले."

मित्रांनो, आम्हा कार्डांना जपा. पाणी लावू नका, कोपरे दुमडू नका. आणि कोणी शाब्बास म्हटले की आम्हाला एकदा उलटून बघा. पुष्करने अजून बघितलेले नाही. मी पुन्हा पाचव्या खान्यात आहे आणि त्याची परीक्षा उद्या आहे.