सुतारमामाचं दार

वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक दाराला सुतारमामाचा हात लागलेला, आणि मामाच्या स्वतःच्या घराला मात्र दारच नव्हतं. दाराच्या जागी पत्र्याचा तुकडा, खालून गंजलेला, वरून तारेनं अडकवलेला. "मामा, चोर आला तर?" असं कुणी विचारलं की मामा म्हणायचा, "येऊ दे की. त्याला काही सापडलं तर मलाही सांग म्हणावं." लोक खो खो हसायचे. मामी गेली तेव्हापासून दार नाहीसं झालं होतं, आणि वस्तीनं आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं की कडकीत विकलं असणार. सागवानी होतं ना.

मामाच्या भाचीनंही तसंच धरलं होतं. ती वस्तीतली बालवाडी चालवायची, म्हणून सगळे तिला बाई म्हणत. आईविना पोर, मामा-मामींनीच वाढवलेली. लग्न होऊन गेली तीही दोन गल्ल्या पलीकडे. पोरांना गाणी शिकवता शिकवता ती कचेरीत जाऊन भांडायला कधी लागली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मागणं एवढंच होतं की राहत्या जागा राहणाऱ्यांच्या नावावर करा. कचेरी विचारायची, तुम्ही इथं पूर्वीपासून राहता याला पुरावा काय? ज्या घरांत गुडघाभर पाणी शिरतं तिथं कागद टिकतात होय! पण हे कचेरीला कोण सांगणार? साहेब बदलायचे, प्रश्न तोच. बाई अगदी मेटाकुटीला आली.

आणि एके दिवशी बालवाडीच्या दारावरचा पिवळा नंबर पोरं बोट ठेवून वाचायला लागली, तशी ती उडालीच. फार वर्षांपूर्वी वस्ती पाडायला आलेल्या लोकांनी दारोदार ते नंबर रंगवले होते, कुठलं घर आधी पाडायचं ते कळावं म्हणून. पाडकाम कोर्टात अडकलं, नंबर राहिले. बाईनं कचेरीतल्या टेबलावर हात आपटला. "हे तुम्हीच रंगवलेत ना? मग तेव्हा आम्ही इथं होतो की नव्हतो?" शेवटी ठरलं, ज्या दारावर जुना नंबर, ती जागा त्या घराची. कचेरीनं जाता जाता पाचर मारलीच: एक जरी नंबर खोटा निघाला तर अख्खी वस्ती बाद.

त्या दिवशी वस्तीनं बाईला डोक्यावर घेतलं. गर्दीतून वाट काढत ती मामाकडे गेली. "मामा, आपलं दार कुणाला विकलंस ते सांग. मी परत आणते."

"विकलं नाही. जागेवर आहे," मामा म्हणाला. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "जिंकलीस पोरी." आणि रंधा उचलून कामाला गेला. मामा कधी खोटं बोलत नसे. बाई निर्धास्त झाली; दार कुठंतरी जपून ठेवलं असेल, मोजणीला काढेल.

मोजणीसाहेब आले त्या सकाळी वस्तीत नुसती लगबग. घरोघरी बायकांनी नंबर तेवढा सोडून बाकी दार लखलखीत घासलेलं. साहेब नंबर बघत, टेप लावत, पुढे जात. असं करत करत ते मामाच्या पत्र्यासमोर येऊन थांबले.

"दार कुठंय?"

मामा उंबऱ्यावर बसला होता. तो उठला. "आहे साहेब. दफनभूमीत."

कुणाला काही कळेना. मामाच सांगू लागला, खाली बघत. "ही गेली तेव्हा संप होता. वखारी बंद. घरात खोक्यांच्या फळ्या होत्या नुसत्या. तिला खोक्यात घालू? लग्न झाल्यावर तिच्यासाठी केलेली पहिली वस्तू म्हणजे ते दार. त्याचीच पेटी केली. बाहेरून रंधा मारला. नंबरची बाजू आत गेली."

बाईला ती पेटी आठवली. गुळगुळीत, तेल लावलेली. त्या पेटीवर डोकं टेकून ती रडली होती, आणि ज्या दाराला धरून चालायला शिकली ते दार तिला ओळखू आलं नव्हतं.

साहेब पाणी प्यायला बाजूला झाले तसा शेजारचा रंगारी तिच्या कानाशी लागला. "बाई, पिवळा रंग आहे माझ्याकडे. या पत्र्यावर दोन मिनिटांत मामाचा दोनशे सतरा काढतो. जुनाही करून देतो."

बाईनं गल्लीकडे पाहिलं. दारादारांत माणसं श्वास रोखून उभी होती. मामाची जागा एका बाजूला, आणि ही सगळी दुसऱ्या बाजूला.

"नको," ती म्हणाली.

साहेब वाईट माणूस नव्हते. परत येऊन हळूच म्हणाले, "रीतसर परवानगी काढू. पेटी उघडली, नंबर दिसला, की मी लगेच मान्य करतो."

मामानं मान हलवली. "साहेब, ते तिचं घर आहे. राहत्या घराचं दार कुणी उखडू नये, एवढ्यासाठीच तर माझी भाची इतकी वर्षं भांडली."

साहेब पुढच्या दाराकडे गेले.

"आधी का नाही बोललास?" बाई मामावर ओरडली. "मी दुसरा पुरावा मागितला असता!"

"म्हणूनच नाही बोललो. तू पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं असतंस. सगळ्यांचं होत होतं गं."

ती तिथंच मटकन बसली आणि भर गल्लीत लहान पोरीसारखी रडली.

जागा नावावर झाल्या. वस्तीला नवी दारं हवी झाली, आणि ती मामानंच केली, सगळ्यांची. ज्यांच्या हाती पुरावा नव्हता त्यांच्या जागेवर रस्ता ठरला. मामाचं घर पाडायला अर्धा दिवसही लागला नाही. हत्यारांची पेटी घेऊन मामा भाचीकडे राहायला आला.

एका रविवारी दोघं दफनभूमीत गेली. मामीच्या अंगावर गवत वाढलं होतं. मामानं ते उपटलं, मातीवर तळवा ठेवला आणि म्हणाला, "दोनशे सतरा. तुला इथून कुणी उठवत नाही बघ."

गुडघ्यांवर हात टेकत तो उठला. "चल पोरी, उशीर झाला. घरी जाऊ," म्हणाला, आणि सवयीनं जुन्या गल्लीच्या दिशेनं दोन पावलं टाकून थांबला. बाईनं त्याचा हात धरला आणि आपल्या घराकडे वळवला.