बांधावर ऐकू आलेली घंटा

"जा बाबा एकदाचा," इल्का अंथरुणातून म्हणाली. "उशाशी बसून माझे श्वास मोजत असतोस. तू मोजायला लागलास की मला धाप लागते."

वेंडेलने सायकल बाहेर काढली. बायकोचं हृदय हिवाळ्यापासून कुरकुरत होतं. पलंगावरून पाय खाली टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिस्सा नदीच्या बांधावरची सकाळची फेरी ही वेंडेलची एकुलती एक चैन. पण चैन कसली! सायकल पुढे पळायची आणि जीव मागे ओढायचा. गावात फोन होता तो पोस्टात. घरी काही झालं तर याला कळणार कसं?

गल्लीच्या टोकाला आम्ब्रुशकाकांचा बाक होता. म्हातारा रोज काठी आडवी घालून त्याला थांबवायचा आणि तोच जुना पूर, तीच वाहून गेलेली डुकरीण पहिल्यापासून सांगायचा. आज बाक रिकामा. काठी तेवढी कुंपणाला टेकवलेली होती. 'सुटलो!' म्हणत वेंडेलने पायांना जोर दिला.

वाचलेला वेळ त्याने बांधावरच्या तुतीखाली उधळला. पिकून काळी झालेली तुती बोट लावताच हातात येत होती. बोटं रंगली, शर्ट रंगला, आणि थोडा वेळ तो चक्क इल्काला विसरला.

"खा, खा!" मागून रोझीकाकूंचा आवाज आला. सायकलच्या हँडलला दोन्हीकडे चेरीच्या बादल्या लटकवून त्या बाजाराला निघाल्या होत्या. "आणि तो शर्ट कोण धुणार?"

"हल्ली मीच धुतो, काकू."

"तरीच काल दोरीवर राखाडी चादरी होत्या! मला वाटलं, तुमच्याकडे चुलीची राख वाळत घालतात."

वेंडेलला किती दिवसांनी खळखळून हसू आलं. काकूंनी मूठभर चेऱ्या त्याच्या खिशात कोंबल्या. "तिला दे. बिया काढून दे, आळशा!"

त्या गेल्या, तोच खाली काठावर कुणा कोळ्याने होडीची मोटर सुरू केली. कानठळ्या बसल्या. होडी वळणाआड गेली, आवाज विरला, आणि मग चर्चची घंटा ऐकू आली.

ही वेळ घंटेची नव्हती. अवेळी वाजते ती मयताची. बाई गेली तर थांबून थांबून दोनदा वाजवतात, पुरुष गेला तर तीनदा. वेंडेलने श्वास रोखला. घंटा थांबली. पुन्हा वाजली. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा वाजावी म्हणून त्याने किती वाट पाहिली. दुसऱ्या कुणाच्या मरणाची अशी भीक मागतोय याची लाजही त्याला वाटली नाही. घंटा वाजली नाही.

बाई गेली होती.

मन चिंती ते वैरी न चिंती. ती पाणी मागत असेल. ती हाका मारत असेल, आणि हा बांधावर तुती खात होता! सायकल उतारावरून सुसाट सुटली. लोहाराच्या दारातल्या माणसांनी टोप्या काढल्या होत्या. घंटेसाठी टोपी सगळेच काढतात, पण त्याला वाटलं, त्या आपल्यासाठीच काढल्या. वाटेत कुणाला विचारायचं धैर्य झालं नाही.

घराचं फाटक उघडं होतं आणि फाटकाला धरून इल्का उभी होती. अनवाणी, रात्रीच्या झग्यात, ओठ निळसर. त्याला पाहताच तिने फाटक सोडलं. सायकल टाकून त्याने तिला कवेत घेतलं.

"कुठे उलथला होतास?" ती त्याच्या छातीवर मुठी मारत होती. "तीनदा वाजली! आणि हे रक्त कसलं?"

"तुती आहे ती. इल्का, घंटा दोनदाच..."

"तीनदा! मी मोजली ना! पुरुषाची होती. तू सायकलवरून नदीत पडलास असंच वाटलं मला."

होडीची मोटर! पहिली घंटा त्या आवाजात बुडाली होती. वेंडेलच्या जिवात जीव आला. तो हसला, मग रडला, आणि दोघंही एकमेकांना वेडं म्हणत तिथेच मातीत बसून राहिली. तिचा श्वास हळूहळू ताळ्यावर आला.

"मग गेलं कोण?" इल्काने विचारलं.

वेंडेलचा हात तिच्या पाठीवर थबकला. त्याच्या डोळ्यांपुढे कुंपणाला टेकवलेली काठी आली.

"आम्ब्रुशकाका," तो म्हणाला. "सकाळी बाक रिकामा होता. मला बरं वाटलं, इल्का. सुटलो म्हणालो मी."

तिने त्याच्या खांद्याचा आधार घेतला.

"मला आत निजव. शर्ट बदल आणि तिकडे जा," ती म्हणाली. "सायकल नको नेऊस. चालत जा."