नस आणि नळी

आईचं कापडाचं दुकान होतं तेव्हा ती डोळे मिटून सांगायची, "हे पॉपलीन, हे वायल, आणि हे तुझ्या बाबांच्या स्वभावासारखं जाडंभरडं." दुकान कधीच बंद झालं, पण बोटांचा तोरा काही उतरला नव्हता. गेल्या वर्षी भांडी घासताना तिच्या हातात काचेचा पेला फुटला. मनगटातली नस तुटली आणि अंगठ्यासकट तीन बोटं बधिर झाली.

"तुटलेल्या टोकांमध्ये एक नळी बसवू," सर्जनबाई म्हणाल्या. "आत बारीक तंतू असतात. त्यांना धरून नस हळूहळू पुढे वाढते. नळी नंतर आपोआप विरघळते."

अशाच नळ्या बनवण्यात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली होती.

ऑपरेशननंतर आईला भेटायला ढापण्या आला. प्रयोगशाळेतला माझा जुना सोबती. आता चष्मा तेवढा तोच, केस पार पिकलेले. आईच्या पलंगाशी बसून आम्ही जे सुरू झालो ते थांबलोच नाही. विजेच्या ओढीने सुईतून निघणारा, नळीत भरायचा केसाहून बारीक धागा. हवा दमट असली की त्याच्या गाठी व्हायच्या आणि सर आमच्यावर उखडायचे.

"आणि ती संध्याकाळ?" ढापण्या म्हणाला.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा नसेच्या एका पेशीला कोंब फुटून तो धाग्यावरून सरळ निघाला होता. सूक्ष्मदर्शक एक आणि बघणारे तिघं, नुसती ढकलाढकली! सरांनी स्वतः चहा केला, साखर घालायला विसरले, आणि आम्ही तो मिटक्या मारत प्यायलो.

"म्हणजे माझ्या हातातली नळी तुमचीच?" आईने विचारलं.

"नाही गं. आमची उंदरांपर्यंतच पोचली. मग प्रयोगशाळा बंद झाली, आमची पांगापांग झाली. ही पुढच्या कोणीतरी केली."

"पण पाया आमचाच हं, मावशी," ढापण्या म्हणाला आणि उगाचच चष्मा पुसत बसला.

काही महिन्यांनी आईच्या बोटांत मुंग्या आल्या. मग स्पर्श आला, पण पत्ता चुकून. अंगठ्याला टोचलं की कळ मधल्या बोटात! ती वैतागायची. मी रोज तिला डोळे मिटायला लावून कापडाचे तुकडे हातात द्यायचे. एका दुपारी ती एकदम म्हणाली, "कॉर्डरॉय! तुझी शाळेतली पँट, गुडघ्यावर घासलेली." मला रडू फुटलं.

रेशीम तिला अजून ओळखता येत नाही. "काहीतरी मऊ आहे," एवढंच म्हणते, आणि बराच वेळ ते हातातून सोडत नाही.