बटणांच्या रांगेखालची माझी नोकरी

मित्रांनो, मी एक जुना ब्राउझर आहे. जुना म्हणजे टाकाऊ नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. जुन्याचं नाव काढलं की ज्यांचं नाक वाकडं होतं, त्यांनी खुशाल पान उलटावं.

कुठल्याशा मोठ्या शहरातल्या हुशार मुलामुलींनी डोळे शिणवून मला घडवलं. माझं काम निरोप्याचं. सांगाल ते पान जगातून शोधून आणायचं आणि पडद्यावर मांडायचं. आणलेल्या पानाचं सगळे कौतुक करतात, आणणाऱ्याचं कोणी करत नाही. घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

माझी नोकरी एका शिवणकामाच्या खोलीत लागली. खिडकीशी दोन शिलाई मशीन, मधे कापड बेतायचं लांब टेबल, खिळ्यांना टांगलेले कागदी नमुने आणि कोपऱ्यात माझा कॉम्प्युटर. खोलीच्या मालकिणीला गिऱ्हाइकंसुद्धा आईच म्हणत. शाळेत ती जेमतेम गेलेली, पण तिच्यासमोर वाकडा टाका घालायची कोणाची छाती नव्हती.

पडद्यावरची बारीक अक्षरं तिला जमत नसत. म्हणून थोरल्यानं, म्हणजे तिच्या मुलानं, रोजच्या पानांच्या खुणा माझ्या कपाळावर एका ओळीत लावून दिल्या.

"वाच ना आई, नावं लिहिली आहेत."

"नावं वाचत बसू, की लोकांचे कपडे शिवू?" असं म्हणून आई बटणांचा डबा घेऊन आली. दोऱ्याला लावायच्या मेणाच्या गोळ्या केल्या आणि पडद्याच्या चौकटीवर, प्रत्येक खुणेच्या बरोबर वर, एकेक बटण चिकटवून टाकलं. पितळी बटणाखाली दोरे-अस्तराचं दुकान. शिंपल्याच्या बटणाखाली नव्या कपड्यांची चित्रं. त्यांना ती आधी नावं ठेवायची आणि मग तसंच कापड बेतायची. सगळ्यात डावीकडचं बटण लाल, काचेसारखं आरपार. ते धाकटीच्या, म्हणजे तिच्या लेकीच्या, लहानपणीच्या फ्रॉकचं. धाकटी लग्न होऊन लांब गेली होती, तिथं तिनं स्वतःचं शिवणाचं दुकान थाटलं होतं. लाल बटणाखालच्या पानावर ती दिसायची, बोलायची.

काय दिवस होते ते! दुपारी मशीन थांबली, की आई लाल बटणाखाली टिचकी मारी. मग मायलेकी थोडं बोलायच्या आणि पुष्कळ भांडायच्या.

"टाके आहेत की भगदाडं? हत्ती जाईल त्यातून."

"तुझ्यासारखे डोळे नाहीत गं मला."

"डोळे आहेत, धीर नाही."

इकडचे हात मी तिकडे पोचवायचो, तिकडची शिवण इकडे आणायचो. आई शेजारणीला अभिमानानं सांगायची, "आमचा कॉम्प्युटर फार शहाणा आहे." बघा! पळायचं मी आणि हार त्याच्या गळ्यात.

मला नवं करून घ्या, अशा सूचना येत राहिल्या. थोरला दर वेळी "नंतर" म्हणायचा. शेवटी तुंबलेलं सगळं एकदम अंगावर आलं आणि माझं अपग्रेड झालं. उठून बघतो तर कडा गोल, रंग फिका. खुणांची ओळ डावीकडून निघायची, ती आता मधूनच निघत होती. म्हातारपणी कोणी भांग बदलून द्यावा, तसं वाटलं.

सकाळी आईनं सवयीनं टिचकी मारली, तर काहीच उघडेना. पण "मला येत नाही" हे वाक्य तिनं जन्मात उच्चारलं नव्हतं. खुणांची चित्रं ओळखीची होती. तिनं गुपचूप सगळी बटणं उपटली आणि सरकलेल्या ओळीवर पुन्हा लावली. झालं, तिच्या हिशेबी प्रश्न सुटला.

दुपारी धाकटीचा आवाज आला तो रडवेला. "आई, कोटाच्या कॉलरचं टोक उलटत नाहीये. माझा पहिलाच कोट. कापड गिऱ्हाइकाचं, वर चिंधीसुद्धा उरलेली नाही, आणि संध्याकाळी न्यायला येणार आहेत. हात दाखव ना."

"हा बघ हात."

"कुठे? नुसता अंधार आहे. तोंडी सांग."

"माझं शिक्षण हातात आहे, तोंडात नाही."

"तोंडातही पुष्कळ आहे," धाकटी रडता रडता म्हणाली.

मित्रांनो, मलाही इकडचं काही दिसत नव्हतं. वाटलं, अपग्रेडनं माझे डोळे गेले.

थोरला धावत आला. त्यानं मला बंद करून उघडलं. कॅमेऱ्याची परवानगी तपासली, ती दिलेलीच होती. साठवलेली जुनी पानं पुसली. अंगावरचे दागिने उतरवावेत तशी मला वरून जोडलेली एक्स्टेन्शन एकेक काढली. अंधार तो अंधारच.

"आई, हा कामातून गेला. दुसरा ब्राउझर टाकतो."

"उद्या माझा गुडघा दुखला, तर दुसरी आई टाकशील?"

तेवढ्यात धाकटीचा हुंदका ऐकू आला. आईचा आवाज उतरला. "टाक."

एवढाच शब्द. इतक्या वर्षांच्या नोकरीला एवढाच निरोप.

नवा आला. चकचकीत होता आणि चपळही. खोटं कशाला बोलू? मला खाली दुमडून ठेवलं, पण कान उघडे होते. नव्यातूनही धाकटी तेच म्हणाली, "दादा, अजून अंधारच आहे."

"मग कॉम्प्युटरच गेला," थोरल्यानं निकाल दिला. नाचता येईना, अंगण वाकडं!

"थांब दादा. आई, टेबलावरचा दिवा लाव बरं." दिवा लागला. धाकटी म्हणाली, "हा अंधार काळा नाही गं. लाल आहे. आई, माझ्या फ्रॉकचं बटण कुठं लावलंस?"

"तुझं पान जिथं, तिथंच. दुसरीकडे कुठं लावणार?"

थोरल्यानं चौकटीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आई, कॅमेऱ्यावर लावलंयस!"

"त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकातून बघते ती मला?" आई चकितच झाली. "मी अख्ख्या पडद्यावर तिला बघते. मला वाटलं, अख्खा पडदाच मला बघत असेल."

थोरला हसू लागला. "दात काढू नकोस," आई म्हणाली. "मेणच मेलं फार पसरलं." आणि तिनं नखानं बटण उचललं.

तिचे हात पलीकडे पोचले. तिनं हाताशी असलेल्या एका कॉलरच्या टोकाजवळचं शिवणीबाहेरचं जादा कापड छाटलं, टोकात दोरा अडकवला आणि हळूच ओढला. टोक कसं सुईसारखं बाहेर आलं. तिकडे धाकटीनं तसंच केलं. तिकडचंही टोक उलटलं. मी मात्र खाली दुमडलेलाच होतो.

"आता त्या जुन्याला उठव," आई म्हणाली.

"नवाही चांगला आहे गं."

"असू दे, राहू दे त्यालाही. पण जुन्याचा काही गुन्हा नव्हता. माझ्या खोलीत न केलेल्या चुकीची शिक्षा कोणाला होत नाही."

आता आम्ही दोघं शेजारी राहतो. कधीतरी मला नवं करणारे हात थांबतील आणि मी खरोखरच निकामी होईन, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी मला हसत निरोप द्या, माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं जुनं यंत्र, जुनं माणूस अचानक अडलं, तर हाकलण्याआधी एवढं करा. त्याच्या डोळ्यावर आपलंच एखादं बटण तर बसलं नाही ना, ते नखानं उचलून बघा.

लाल बटण आता बोटभर वर लावलंय. त्याच्या खालून धाकटी रोज आईला बघते.