तेवीस पाट

माझी सून म्हणते, "आई, निदान जेवताना तरी एका जागी बसा." तिला काय सांगू, एका जागी न बसण्यापायी मी अकराव्या वर्षी तेवीस घरांचे गणपती अडकवून ठेवले होते! एकदा सांगायला घेतलं, पण दुधाची आठवण झाली आणि मी मधेच उठले. म्हणून आता लिहितेय. एवढं लिहीपर्यंत दोनदा अंगणात जाऊन आले, पण लिहितेय.

साल सदुसष्ट. पेणजवळच्या आमच्या जोहे गावात हिरामणकाकांचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबलचक पडवी, त्यात शाडूची माती आणि फळ्यांवर ओळीने गणपती. रोह्याची तेवीस घरं काकांकडून मूर्ती नेत. प्रत्येक घर आषाढातच आपला पाट ट्रकने पाठवी. मूर्ती तयार झाली की त्याच पाटावर बसून रोह्याला जायची. दुसऱ्याच्या पाटावरून आलेला गणपती कुणी उंबऱ्याच्या आत घेतला नसता. पाटामागे खडूने घराचं नाव असे. हे पाट सांभाळायचं, त्यांच्यावरची धूळ झटकायची, हे माझं काम.

मला मात्र डोळे आखायचे होते. ती आखणी काका एकटेच करत, श्वास रोखून. मी इतकी मागे लागले की एकदा वैतागून म्हणाले, "यंदा पाट नीट सांभाळ, येका गणपतीचं डोळं तुला देतो." त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. रात्री अंथरुणात बोटाने हवेत डोळे काढायची आणि आईचा धपाटा खायची.

पण पाट सांभाळायचे म्हणजे नुसतं बसायचं. मला ते कसं जमणार? मग मी एक उद्योग काढला. काका वळले की एक पाट काढायचा, मागचं नाव वाचायचं आणि त्यावर बसायचं. आज मोरोपंत मास्तरांकडे पाहुणी, घटकाभराने आनंदीबाईंकडे. रोहा मी पाहिलंही नव्हतं, पण महिनाभरात तिथल्या बावीस घरी जाऊन आले. तेविसावा पाट माधवराव वकिलांचा. वकिलाकडे जायची मला भीती वाटे.

चतुर्थीच्या तीन दिवस आधी दुपारी ट्रक यायचा होता. सकाळी काका रंग आणायला पेणला गेले आणि मला पुन्हा चैन पडेना. वाटलं, पाट लख्ख करून ठेवावेत, काका खूष होतील, डोळे नक्की. विहिरीवर नेऊन तेवीसच्या तेवीस पाट मी राखेने खसखसून घासले. पुढून घासले, मागूनही घासले. उन्हात मांडून कौतुकाने बघत उभी राहिले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकाही पाटावर नाव नव्हतं.

काका आले. पाट पाहिले, उलटे करून पाहिले आणि मटकन खाली बसले.

"रंभे, काय केलंस गो हे? दुपारी ट्रक येल. कुनाचा बाप्पा कुनाच्या पाटावर बसवू? रोह्याचा येक मानूस हितं नाय वळखायला. पुढल्या वर्षी येक पाट येनार नाय माझ्याकडं!"

पाट कसे ओळखायचे ते मला ठाऊक होतं, पण ते सांगायचं म्हणजे देवाच्या पाटावर बसल्याचं कबूल करायचं. मग कसले डोळे नि कसलं काय? तरी एका दमात बोलून टाकलं, "मी वळखते काका. मी त्यांच्यावर बसलेय."

काका बघतच राहिले. मग मूर्तींकडे वळून त्यांनी हात जोडले. "बाप्पा, पोर हाय, पदरात घे." आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "बस."

मी डोळे मिटून एकेका पाटावर बसत गेले. एक पाय डुगडुगतो, तो मोरोपंत मास्तरांचा. उजवीकडे खिळा टोचतो, तो आनंदीबाईंचा. काका पाठमोरेच ऐकत होते आणि माझ्याकडून पाटामागे नावं लिहून घेत होते. शेवटी उरला तो वकिलांचा. मग सगळ्या पाटांवर गोमूत्र शिंपडून झालं, मूर्ती बसल्या आणि ट्रक गेला. रोह्याहून एकही तक्रार आली नाही.

पण या सगळ्यात काकांच्या घरचा गणपती तसाच राहिला होता, बिनडोळ्यांचा. काकांनी ब्रश माझ्या हातात दिला. "दुसऱ्याचा नाय देनार तुला. माझाच घे."

मी श्वास रोखला. पहिलं बुबुळ टेकवणार, तेवढ्यात दारातून एसटीचा हॉर्न ऐकू आला आणि मी तिकडे बघितलं. बुबुळ दाराकडे सरकलं. मग दुसरंही मुकाट्याने तिकडेच काढलं. देव समोर बघायचा सोडून दाराकडे बघत बसला.

"पुसा ना काका," मी रडत म्हणाले.

"उघडलेलं डोळं पुसत नाय," एवढंच बोलून काकांनी मूर्ती उचलली आणि घरी नेली.

चतुर्थीला सगळं गाव त्यांच्याकडे दर्शनाला गेलं. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. लाजेने मेल्यासारखं झालं होतं. घरात बसवेना आणि त्यांच्या दारापर्यंत जाववेना, नुसती बांधांवरून फिरत राहिले. पाचव्या दिवशी, विसर्जनाची आरती सुरू व्हायच्या आधी, आईने दंडाला धरून नेलं. मी खाली मान घालून उंबऱ्यात उभी राहिले.

काका म्हणाले, "आलीस? पाच दिवस झालं, दाराकडं बघतोय तो."