दोन ताटं एकदम

बाबांची पँट पुन्हा कमरेत आत घेतली आणि मशीनवरच डोकं टेकलं. मी शाळेचे गणवेश शिवते. पोरांच्या पँटी नेहमी थोड्या मोठ्या ठेवायच्या असतात, कारण पोरं वाढतात. इथे सगळं उलटं चाललं होतं. बाप आक्रसत होता आणि मी सुई घेऊन त्याच्या मागे धावत होते.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. हृदयाची झडप बदलायची, ऑपरेशनला पर्याय नाही, पण या वजनावर ते करणार नाहीत. "पोटात काही दोष नाही, सगळ्या तपासण्या झाल्या. खाऊ घाला. महिन्याभराने आणा, अंगावर थोडं मांस दिसलं तर तारीख देतो." म्हणजे बाबा जेवले तर वाचणार. इतकं सोपं गणित, आणि दादा, वहिनी आणि मी, तिघांना मिळून ते सुटत नव्हतं.

आई गेल्यापासून बाबांचं खाणं कमी झालं होतं. "मनाला लावून घेतलंय," असं वहिनी म्हणायची. दादा मान हलवायचा. मीही मान हलवायचे, पण मला ते पटत नव्हतं. बाबा रडत नव्हते, कुढत नव्हते, बातम्या ऐकून पुढाऱ्यांना शिव्या घालत होते. फक्त जेवत नव्हते. दोन घास खायचे, ताट सरकवायचे आणि म्हणायचे, "छान झालंय. आता तुम्ही बसा."

मग दादाला एक कल्पना सुचली. दादाच्या कल्पनांना मी लहानपणापासून घाबरते. शहरात एक नवीन रेस्टॉरंट निघालं होतं, जिथे महिनाभर आधी नाव नोंदवावं लागतं. त्याच्या साहेबाने ओळखीने टेबल मिळवून दिलं. "तिथे मेलेला माणूससुद्धा उठून जेवतो," दादा म्हणाला. आजारी बापासमोर कुणी असं बोलतं का? पण बाबा हसले, म्हणून मीही तयार झाले.

नोंदणी असूनही आम्हाला दाराशी ताटकळत ठेवलं. आजूबाजूचे लोक दाराचेच फोटो काढत होते. आत दिवे इतके मंद की बाबांना खुर्ची चाचपून शोधावी लागली. मग एक पोरगेलासा वेटर आला आणि प्रत्येक पदार्थाचं कूळ-गोत्र सांगू लागला. हा बटाटा कुठल्या डोंगरावरचा, हा मासा कुठल्या धुरात ठेवलेला. ताट बसच्या चाकाएवढं आणि मधोमध मासा शर्टाच्या बटणाएवढा. नाव मोठं, लक्षण खोटं. आम्ही तिघांनी हात आवरून धरले आणि बाबांच्या तोंडाकडे बघत बसलो. वेटरही बघत उभा राहिला. बाबांनी बटण तोंडात घातलं, चावलं, गिळलं.

"छान आहे," ते म्हणाले. "आता तुम्ही जेवा."

दादाचा चेहरा पडला. बिल बघून आणखी पडला. घरी येताना मी म्हणाले, "बास झाले हे थेर. आता बाबांना मी खाऊ घालते."

"तू?" दादा म्हणाला. "तुझ्या हातचं तरी कुठे खातात?"

बोलला ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. पण मी हट्टाला पेटले की मशीनची सुई मोडेपर्यंत थांबत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी शिलाई बाजूला ठेवून चुलीपाशी उभी राहिले. अंडी केली, मासे केले, सूप केलं, भातावर लोणी घातलं. बाबा आजारी म्हणून त्यांना आधी वाढायचं, कॉटवर ट्रे नेऊन द्यायचा आणि समोर उभं राहायचं, हा आमच्या घरचा नेम होता. मी तो तंतोतंत पाळला. बाबांनीही त्यांचा नेम पाळला. दोन घास, छान झालंय, आता तुम्ही बसा.

आठवडा वाया गेला. एका सकाळी मी ट्रे आपटला आणि चिडून विचारलं, "बाबा, बस चालवत होतात तेव्हा जेवत होतात की नाही? की डिझेलवर चालत होतात?"

"आटपाकडे जेवायचो," बाबा म्हणाले.

"म्हणजे कुठे?"

"डेपोच्या मागे. खानावळ आहे. त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. गाडी सुटायची वेळ झाली की ओरडायचा, आटपा, आटपा. म्हणून आटपा."

"आहे का अजून?"

"असेल. त्याला मरायला कुठे वेळ आहे?"

मी त्यांना चपला घालायला लावल्या. वहिनी म्हणाली, बाहेरचं खाऊन काही झालं तर? मी म्हणाले, घरचं न खाऊन होतंयच की.

डेपोच्या भिंतीला लागून पत्र्याची एक खोली होती. पाटी नव्हती. सहा टेबलं, बाकडी, कोपऱ्यात पाण्याचं पिंप आणि आत खाकीतली माणसं मान खाली घालून भराभरा जेवत होती. कुणी वर बघितलं नाही. आटपा बाबांपेक्षा म्हातारा निघाला. त्याने बाबांना ओळखलं, मान हलवली आणि काही न विचारता दोन ताटं आणून आदळली. भात, बटाट्याचं कालवण, उकडलेलं अंडं.

मी मनात म्हटलं, आता चमत्कार बघू. पहिला घास घेतला आणि आशाच सुटली. भाताचा गोळा झाला होता, कालवणात मीठ जास्त होतं. याच्यासाठी मी आजारी माणसाला दोन बस बदलून आणलं? पण सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं, भूक भडकली होती. मी रागारागाने जेवू लागले. बाबांकडे बघायचंसुद्धा सुचलं नाही.

अर्ध्या ताटावर आले आणि वर बघितलं. बाबा माझ्याही पुढे गेले होते. भात संपत आला होता. ते अंड्याचा शेवटचा तुकडा कालवणात फिरवत होते.

मला श्वास घ्यायची भीती वाटली. मी पुन्हा मान खाली घातली.

बाबा हात धुवायला गेले तेव्हा आटपा ताटं उचलायला आला. "मास्तर नाही दिसत हल्ली," तो म्हणाला.

मास्तर म्हणजे बाबांचा कंडक्टर. निवृत्तीनंतर तो मुलाकडे दूर निघून गेला होता. मी तसं सांगितलं.

"मग आता तू बसतेस होय यांच्याबरोबर? बरं झालं. हा एकटा जेवत नाही. मास्तर पैसे भरायला ऑफिसात अडकला की हा ताट झाकून बसायचा. मी आटपा आटपा करून घसा कोरडा करायचो. गार जेवायचा, पण मास्तर आल्याशिवाय घास नाही. सगळ्यांचं तसंच इथे. ज्याच्याबरोबर गाडी, त्याच्याबरोबर ताट." आणि त्याने फडका मारला. "आता ऊठ, मागे माणसं उभी आहेत."

मी उठले. घोडं पेंड खात होतं ते इथे. आई. बाबा शेवटची फेरी संपवून कितीही उशिरा आले तरी आई न जेवता थांबायची, आणि आम्ही तिला जुन्या वळणाची म्हणून हसायचो. ती नुसती थांबत नव्हती. ती त्यांच्याबरोबर जेवत होती. आणि आम्ही शहाण्यांनी काय केलं? बाबांना आधी वाढलं, स्वतः उपाशी उभे राहिलो. समोर तीन माणसं भुकेली दिसत असताना हा माणूस जेवणार कसा? आम्हाला जेवायला बसता यावं म्हणूनच तो ताट सरकवत होता. मला स्वतःचा इतका राग आला की बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले.

घरी आल्यावर मी सांगून टाकलं, "आजपासून बाबांना आधी वाढायचं नाही. ट्रे बंद. मी मशीनवरून उठेन तेव्हा दोन ताटं एकदम."

"आजारी माणसाला भुकेलं ठेवणार?" वहिनी म्हणाली.

"डोकं ठिकाणावर आहे ना?" दादा म्हणाला.

"आहे. आणि कुणी त्यांच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं नाही. जेवायचं असेल तर बसा, नाहीतर बाहेर व्हा."

दुसऱ्या दिवशी मी खाली मशीनवर मुद्दाम उशीर केला. खरं सांगायचं तर लक्ष कामात नव्हतं, एक कॉलर उलटी लागली. शेवटी जिन्यातून बाबांचा आवाज आला. ते स्वतः उठून अर्ध्या जिन्यापर्यंत आले होते.

"गणवेश आहेत की लग्नाचे कपडे? इकडे पोटात कावळे ओरडतायत."

आई गेल्यापासून भूक लागली असं त्या माणसाने पहिल्यांदा म्हटलं होतं. मी डोळे पुसले आणि वर गेले. टेबलावर दोन ताटं झाकून ठेवली होती. मी घास घेतला, मग त्यांनी घेतला. कालवणात मीठ कमी होतं, ते त्यांनी सांगितलं आणि मागून घेतलं. दादा दारात उभा होता. बाबा म्हणाले, "बसतोस की जातोस?" तो बसला. चार दिवसांनी वहिनीही बसली, आणि मग मीठ कुणाच्या अंदाजाचं यावरून रोज भांडणं होऊ लागली. बाबा भांडणात नव्हते. ते भात वाढून घेत होते.

महिना संपला. दवाखान्यात जायच्या दिवशी मी खाली मशीनवर होते. बाबा पँट हाताने धरून जिना उतरले. बटण आणि काज यांच्यात दोन बोटांचं अंतर राहत होतं.

"शिवताना जरा माणसाचा विचार करावा," ते करवादले. "लागतच नाही. असा जाऊ का डॉक्टरांपुढे?"

 डॉक्टरांच्या काट्याची गरजच उरली नव्हती. मी पँटचं टोक धरून कात्री शोधू लागले, आत घेतलेला टाका न् टाका उसवायला. समोर होती तरी दिसत नव्हती.

बाबांनी माझ्या हातातून पँटचं टोक सोडवून घेतलं. "उसवशील मग," ते म्हणाले. "सकाळपासून काही खाल्लं नाहीस. चल, वाढलंय."