आधारगृहाच्या फाटकावरची राखण

कर्र... पाळण्याची कडी कुरकुरली आणि घरातली शांतता मोडली. सौंदर्यानं एका हातानं दोरी ओढली, दुसऱ्या हातानं माझी पुढची ओळ लिहिली. मित्रांनो, माझा जन्म असा चोरलेल्या वेळात झाला.

मी एक जुनं वेब-ॲप आहे. नाव राखण. फाटकावरच्या मावशी तुम्हाला "कुणाकडं जायचंय?" विचारून टॅबवर नाव घालतात ना, तिथं मी असते.

प्रत्येक गिऱ्हाइकाला मी वेगळी हवी होती. दूध संघासाठी माझं पोट फाडून त्यात गाड्यांचे नंबर शिवले. अपार्टमेंटवाले म्हणाले, "पावण्याला तिथंच दिसू दे की, घरात कोण हाय, कोण न्हाय." माझी अशी कितीतरी रूपं झाली. सगळ्यांत धाकटं कोल्हापुरातल्या एका महिला आधारगृहाचं. मारहाणीतून पळालेल्या बायका तिथं लपून राहतात. त्या रूपाला सौंदर्यानं एकच शिकवलं होतं. कुणीही कुणाचंही नाव विचारलं, तरी सांगायचं, 'या नावाचं इथं कुणी नाही.'

मग बाळाला ताप आला, सौंदर्या रजेवर गेली. तिचे साहेब विश्वजित वैतागले. "इतकी रूपं कोण सांभाळत बसणार? आतनं सगळं एकच की!" म्हणाले, आणि अपार्टमेंटचं रूप त्यांनी सगळ्यांवर चढवलं. सौंदर्याच्या ओळी चिरडल्या गेल्या. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

दुसऱ्या सकाळी यशराज आधारगृहाच्या फाटकाशी आला. लेकीला घेऊन पळालेल्या बायकोला, अनुजाला, तो दारोदार शोधत होता. फाटकावर बसणाऱ्या शालूबाईंनी टॅबवर नाव घातलं आणि नेहमीसारखं सांगितलं, "न्हाय ओ पावणं, असलं कोण न्हाय हितं."

पण माझ्या काचेवर हिरवी अक्षरं उमटली होती: 'अनुजा आत आहेत. कळवू का?'

त्यानं ती वाचली.

"खोटं बोलतीस व्हय गं म्हातारे!" त्यानं शालूबाईंना भिंतीवर आदळलं. फाटकाचा लोखंडी अडसर उपसला. पहिला घाव माझ्या काचेवर बसला. तो आत घुसला, आणि पुढचं मला अंगणातल्या कॅमेऱ्यानं दाखवलं. अनुजानं लेकीला पोटाखाली घेतलं होतं. अडसर तिच्या पाठीवर पडत होता, हातावर पडत होता. हाड मोडलं तरी तिनं कूस बदलली नाही. शेवटी स्वयंपाकघरातल्या बायका लाटणी, उलथनी घेऊन धावल्या. त्याला आडवा पाडून पोलीस येईपर्यंत त्याच्या अंगावरच बसून राहिल्या.

अनुजा वाचली. ती दवाखान्यात आहे. तिला उजवा हात पुन्हा उचलता येईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

सौंदर्या बाळाला कडेवर घेऊन धावत आली. नव्या टॅबवर तिनं माझं जुनं रूप परत आणलं, कुणाला पुसता येणार नाही असं कुलूप त्याला घातलं. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. पण कुणाचीही ओळ पुसायच्या आधी विचारा, ही कुणासाठी लिहिली होती?

तेवढ्यात अनुजाची लेक सौंदर्याच्या खुर्चीला येऊन टेकली. फ्रॉकवर आईचं रक्त वाळलं होतं.

"काकू, आमी हितं हाय हे कुणालाच म्हाईत नव्हतं की. मग पप्पाला कुणी सांगितलं?"